पाणी मानवेपर्यंत

सपकाळ म्हणाला, सिस्टर, घाई करू नगा,
मासं मरत्यात ते जास्त करून घाईनं.
त्याचं दुकान पोवई नाक्याच्या उताराला,
मोबाइलची कव्हरं आणि झेरॉक्स यांच्या मधोमध,
आत शिरलं की चष्म्यावर वाफ.

मी सांगितलं, क्वार्टर सोडायचीय एकतीस तारखेला.
बत्तीस वर्षं सिव्हिलात काढली,
सामान म्हणाल तर एक टेम्पोही भरत नाही,
पण दोन फुटांची टाकी आहे, नऊ मासे आहेत,
आणि गोडोलीच्या फ्लॅटमध्ये चार फुटांची नवी.
नवी कशानं धुतली?
साबणानं.
त्यानं कपाळावर हात मारला.
जाड्या मिठानं धुवा परत, वास जाईस्तोवर.

नवा फिल्टर जुन्याच्या शेजारी
तीन आठवडे नांदवायचा, त्यानं गाळ धरेपर्यंत.
तो काळा, बुळबुळीत गाळ,
तीच माशांची खरी इस्टेट.
जन्मभर मी भांडी उकळली, हात घासले, फिनेल ओतलं;
गाळ जपायचा हे पचायला
मला दोन दिवस लागले.

आणि पाणी, तो म्हणाला.
तुमच्या क्वार्टरला कासचं, मऊ.
तिकडं सोसायटीवाले बोअर मिसळत्यात, जड.
आपल्याला नळ उघडला की पाणी ते पाणी.
त्यांचं तसं नसतं.

मग जाळीत एक गप्पी धरून,
तिच्याकडेच बघत, सांगायला लागला,
आमचं गाव कोयनेत गेलं. मी नव्हतो तवा.
आजा, चुलते, गुरं, सगळी एका ट्रकात घातली
आणि सोलापूरकडच्या माळावर उतरवली सांजच्याला.
पहिल्या सालात घरातली तिघं गेली.
ताप नाय, काय नाय.
डॉक्टर आला, म्हणाला, पाणी बाधलं.
पाणीच बाधलं, सिस्टर.
एवढं बोलून त्यानं पिशवीला रबर लावलं,
अंधारात न्या, म्हणाला. वाटंत खायला घालू नका.

एकतीस तारीख. पडदे ओढून घेतले.
पिशव्या तासभर नव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या,
ऊब सारखी व्हावी म्हणून.
मग मासे बादलीत, त्यांच्याच पाण्यासकट.
सपकाळनं नळीला गाठ मारायला सांगितलं होतं,
मी सलाइनचा सेट लावला.
चाक फिरवलं, नखावर घड्याळ धरून मोजलं,
मिनिटाला चाळीस थेंब.
रात्रपाळीत कितीदा अशी बसलेय,
स्टुलावर, एका कुशीवर कलून,
नातेवाईक व्हरांड्यात झोपलेले,
आणि त्या थेंबाखेरीज काही हलत नाही.

ठेकेदार तळाशी बसून होता.
पोट सुटलेला केशरी गोल्डफिश,
वॉर्डबॉय बाजीनं त्याला हे नाव ठेवलेलं.
काळी मॉली पृष्ठभागाशी तोंड उघडत होती, ते मला आवडलं नाही.
चाक थोडं मंद केलं.
कोणाला बोलवावं असं तिथं कोणी नव्हतं,
शेजारच्या दारावर अजून नाव कळण्याइतकी ओळख नाही.

तीन तासांनी एकेकाला जाळीनं उचललं.
बादलीतलं पाणी मोरीत.
दिवा लावला नाही.

मॉली चौथ्या दिवशी गेली.
बाकीचे आठ आहेत.
ठेकेदार आठवडाभर एका कोपऱ्यात होता,
नंतर एका सकाळी काचेशी येऊन
माझ्या बोटामागे वर-खाली फिरला, दाणे मागत.
सपकाळला फोन केला. तो म्हणाला, मानवलं म्हणायचं.
आणि तुमचं काय?

मी काही सांगितलं नाही.
अजून रोज सकाळी फिरायला म्हणून निघते
आणि क्वार्टरच्या कोपऱ्यावरच्या नळाला
दोन बाटल्या भरून आणते;
नवीन आलेली नर्स बघते, काही विचारत नाही.

आज निम्मा पेला इकडचं घातलं.
चव लागली थोडी, लोखंडासारखी.
उद्या बघू.