तिसरी तिमाही

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही पाहतो आखून.

वॉटरफर्डच्या कौन्सिलात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या पडद्यावर एक निळी पट्टी आहे.
तिच्यात बेचाळीस घरं राहतात.
माउसने धरायची
आणि उजवीकडे सरकवायची.
आवाज होत नाही.

पहिल्यांदा सरकवली ती वटवाघळांसाठी.
जुन्या टॅनरीच्या छपराखाली सात-आठ लटकलेली;
त्यांची मोजदाद फक्त उन्हाळ्यात होते
आणि आम्हाला आठवण झाली ऑक्टोबरात.
मग सांडपाण्याची नळी अरुंद निघाली.
मग ठेकेदार बुडाला,
नदीत नव्हे, कागदावर,
पण त्याची क्रेन तिथेच उभी राहिली दीड वर्ष,
मान खाली घालून,
एखादी वस्तू हरवल्यासारखी.
मग मंत्री बदलले.
नव्यांनी जुनंच जाहीर केलं
त्याच चिखलात, नवं फावडं घेऊन.

प्रत्येक कारण खरं होतं.
हेच मला कुणाला सांगता येत नाही.
इतक्या वर्षांत खोटं बोलणारा
एकही माणूस मला सापडला नाही.

डर्व्हला फीलन मंगळवारी यायची.
अर्ज केला तेव्हा तीन खोल्यांची पात्रता:
एक तिला, एक तिच्या आईला, नोरीनला,
एक ओरानला, जो तेव्हा
काउंटरच्या कडेवर हनुवटी टेकवून
माझा स्टेपलर न्याहाळायचा.
ट्रामोरच्या एका लॉजमध्ये राहायचे तिघं.
एक किटली, एक खिडकी,
खिडकीत हंगाम संपलेले जत्रेतले पाळणे
मेणकापड पांघरून.

मी सांगायचो, तिसरी तिमाही.
ती विचारायची, कुठल्या वर्षाची?
सुरुवातीला हसून.

एकदा म्हणाली, खिडकीची रुंदी तेवढी सांगा,
सेल लागलाय.
नियमात बसत नव्हतं. तरी नकाशा उलगडला,
पट्टी लावली: एक मीटर ऐंशी.
तिने पडदे घेतले. पिवळे.
पुढच्या मंगळवारी पिशवी उघडून दाखवले मला,
मी उगाच कापड बोटांत धरून पाहिलं,
चांगलं आहे म्हणालो.

त्यानंतर उष्णता वाचवायचे नवे निकष आले.
खिडक्या एक मीटर वीस झाल्या.
हे मी तिला कळवलं नाही.
कळवायचा रकाना नव्हता.

नोरीन गेली फेब्रुवारीत.
कुटुंबात झालेला बदल पंधरा दिवसांत कळवावा लागतो;
डर्व्हलाने तिसऱ्याच दिवशी कळवला,
काळा कोट, ओली छत्री, फॉर्म नीट भरलेला.
तीनाच्या दोन खोल्या झाल्या.
ओरान एकोणीसचा झाला आणि पर्थला गेला,
बांधकामावर.
तिकडे घरांची अख्खी रांग
अकरा महिन्यांत उठते, फोनवर सांगतो म्हणे.
दोनाची एक झाली.

आणि एका खोलीचं घर
या टप्प्यात धरलेलंच नाही.

बेचाळीस घरं उभी राहिली हो. सांगायला हवं ते.
उतरती छपरं, लाल दारं,
पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी अंगणात
बाथटब ठेवला, त्यात कुत्रा.
फीत कापली, पाऊस आला, सगळे आत पळाले
आणि त्या रिकाम्या खोल्यांत
माणसांचा आवाज कसा घुमला!
मी जिन्याखाली उभा राहून ऐकत होतो.
माझ्या अहवालात हिरवी खूण पडली: पूर्ण.

पुढच्या मंगळवारी ती आली.
काउंटरवर पिशवी ठेवली.
ज्यांना बसतील त्यांना द्या, म्हणाली,
आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

कुणालाच बसणार नाहीत.
खालच्या ड्रॉवरमध्ये आहेत, स्टेपलच्या डब्यांमागे.
आत पावतीही आहे, शाई उडालेली.
अठ्ठावीस दिवसांत बदलून मिळतील, एवढं वाचता येतं.

दुसऱ्या टप्प्याची पट्टी कालच उघडली.
चौदा घरं, एका खोलीची.
सध्या तिसऱ्या तिमाहीत संपते.
मी अजून तिला हात लावलेला नाही.