दोन पाटे जास्तीचे

पिकअप घेतली ती खडीक्रशरवाल्याकडून.
फाळक्यावर थाप मारून तो म्हणाला,
कितीबी भरा, मागून बसणार नाही.
आणि खरंच, कधी बसली नाही.
तेच तिचं दुखणं होतं हे कळायला
मला एक उन्हाळा आणि दोन टायर लागले.

माझा माल मुरमुरे.
परभणीत द्रुपदा पहाटे भट्टी पेटवते,
नऊपर्यंत पोती टपाच्या वर दोन हात जातात,
लांबून वाटावं डोंगर चाललाय.
वजन म्हणाल तर तीन-चार माणसांचं.

जिंतूरचा रस्ता काळ्या मातीवर टाकलेला.
माती पावसाळ्यात फुगते, चैतात भेगाळून खाली बसते,
वरचं डांबर तिच्या कलानं वळ्या पाडून घेतं.
त्या वळ्यांवरून माझी पुढची चाकं चालायची,
मागची उड्या मारायची.
बोरीच्या पुढच्या वळणावर एकदा
गायीनं माशी हाकलावी तसं
गाडीनं शेपूट बाहेर फेकलं.
मी सावरलं. पोती हसल्यासारखी खसखसली.

मग तो चारठाण्याच्या अलीकडचा मुरमाड चढ.
रात्री भुरभुर येऊन गेलेली.
एक चाक जागच्या जागी गरगरतंय, खडे मागं उडतायत,
आणि मी उगाच दाबतोय, जसं काही
ॲक्सिलेटरला ऐकू कमी येतं.
शाळेला निघालेली चार पोरं थांबली.
न सांगता मागं चढली, फाळक्याला लटकली,
आणि गाडी निघाली.
ओंजळ ओंजळ मुरमुरे दिले त्यांना.
एकीनं विचारलं, काका, उद्या पण येऊ का बसायला?

दस्तगीर मिस्त्री, जिंतूर नाका, पाट्यांचं काम.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
उकिडवे बसले, मागच्या टायरवर तळहात फिरवला,
आधी पुढं, मग उलटा.
मग माझा हात धरून तिथं ठेवला.
रबरावर खळगे होते, वीतवीतभर अंतरावर,
जात्याला टाकी घातल्यासारखे.
"चढ के कूदो," म्हणाले.
मी अन् त्यांचा पोरगा मागं चढून कुदलो.
गाडी ओट्यासारखी उभी.

"पत्थर की कमर है इसको,
और तुम मुरमुरे भररे."

मग पाना हातात घेऊन सांगत बसले,
की वजन नसलं की ताठ पाटा वाकत नाही,
वाकत नाही म्हणून उंचवटा आला की चाकाला वर फेकतो.
फेकलेल्या चाकाला जोर कितीही द्या, तो वाऱ्याला जातो.
ते खाली येतं तेही फिरत, घासत टेकतं,
आणि दर टेकण्याला चिमूटभर रबर रस्त्याला देऊन येतं.
"रस्ता कुछ नहीं मांगता," म्हणाले, "तुम बांटते जाते."

यू-क्लॅम्प गंजलेले, रॉकेल पाजून तासभर वाट पाहिली.
दोन्ही बाजूंचे दोन-दोन जाड पाटे निघाले,
क्रशरवाल्यानं घातलेले, अजून खडीची पूड अंगावर.
बाकीच्यांच्या मधे ग्रीस. हवा पासष्टवरून चाळीसवर.
चहा आला. गाडी मागून चार बोटं खाली आली होती.
मला कसंतरीच वाटलं,
कुणी आपल्यासमोर खांदे टाकावेत तसं.
"पण लग्नसराईत भांडी भरली तर?"
"तो बैठेगी. बैठने दो. बैठने को ही है वो."

काढलेले पाटे मी टाकून आलो नाही.
नाक्याच्या पलीकडं घिसाड्यांची दोन पालं असतात,
तिथल्या गंगूबाईनं एक उचलून दगडावर आपटला, आवाज ऐकला,
म्हणाली, चांगलं पोलाद, तीन विळे होतील, एक तुझा.

सोमवारी त्याच चढावर गाडी
काही न बोलता वर गेली.
पोरं कडेला उभी होती. मी हात केला,
त्यांनी केला नाही.

टायर मात्र तेच आहेत.
मिस्त्री म्हणाले होते, खळगे लगेच जाणार नाहीत,
झिजता झिजता सारखे होतील, तोवर घूं घूं चालायचंच.
पन्नासच्या वर गेलं की सुरू होतं ते,
सपाट डांबरावर, रिकाम्या परतीला.
मी काच वर करतो.
तरी येतं.