लांबबोट्या

पुस्तकात त्याचं नाव कमळपक्षी.
माझा बाप, डोमा वलथरे, त्याला लांबबोट्या म्हणायचा,
शाळेतल्या जुन्या सोबत्याला हाक मारावी तसं.

चिचटोल्याच्या मामा तलावाचा उगवतीचा कोपरा असा
की डोंगा चालायला पाणी कमी,
माणूस चालायला गाळ जास्त,
आणि शिंगाडा नेमका तिथंच गच्च.
एक पाय उपसला की दुसरा मांडीपर्यंत आत.

आई त्या वर्षी ब्रह्मपुरीला
नर्सबाईचं शिकत होती.
मी चार वर्षांची, बापाच्या काखेत.
पाळीवर बसलेले म्हणत,
"बायको शिकून रायली, अन् हा लेकरू उबवून रायला."
बाप काही बोलायचा नाही.
तो तलावाकडे पाहत असायचा.

भादव्यात लांबबोट्याची मादी
चार अंडी त्याच्या हवाली करून
पलीकडच्या कमळात निघून गेली.
हा बसला. पावसात बसला, उन्हात बसला.
पिलं निघाली, आणि एका दुपारी घार फिरली वर.
त्यानं पंख जरासे उचलले,
पिलं आत, पंख बंद,
आणि चालला पानापानावरून,
कुशीतून लोंबणारे काड्यांसारखे पाय घेऊन.
"मोज," बाप म्हणाला.
दहा.
मला दहापर्यंत अंक आले ते असे.

कार्तिकात त्यानं पायांना दोन सुपं बांधली.
उभा राहिला मस्त.
पाऊल उचललं तर गाळानं सूप सोडलं नाही,
बाप तोंडावर.
मी हसले, तोही हसला, नाकातून चिखल शिंकरत.

मग पुन्हा आठ दिवस नुसतं पाहणं.
भाकर हातात तशीच.
नवव्या दिवशी, पहाटे, माझ्या कानाशी:
"तरंगनं सोपं आहे, माय. सुटनं कठीन.
पाह्य, तो बोटं पसरून ठेवते
अन् मिटून उचलते."

बांबूच्या चार-चार कांबी,
सायकलच्या ट्यूबचे सांधे,
दाबलं की उघडतील, उचललं की मिटतील.
टाचेशी माझ्या जुन्या झबल्याची चिंधी,
सोलवटू नये म्हणून.

त्या गाळात सकाळी ठसे पाहून
पोरं गावभर ओरडत गेली,
रात्री बैलाएवढा पक्षी उतरला म्हणून.
आम्ही दोघं गप्प.
शिंगाडे उकडत होते.

पुढे कॉलेजातला एक साहेब आला,
कांबी उलट्यासुलट्या केल्या, फोटो घेतले,
वहीत रकाना आखला:
डिझाइन कोणाचं?
बापानं तलावाकडे बोट केलं.

साहेबानं पाहिलं. मीही पाहिलं.
तिथं कोणीच नव्हतं.
पाणी, एक पान,
आणि पानाच्या कडेशी, नीट पाहिलं तर,
बुडून बसलेल्या कुणाची तरी
श्वासापुरती चोच.