साडेतीन तास पुढे

कॅमेरा विराज मोर्जेनं ओसाकात घेतला,
जहाज बंदराला लागलं होतं त्या दोन दिवसांत.
खोका तिथंच टाकला, पावती मोज्यात,
आणि सहारला उतरला तो गळ्यात अडकवून,
पट्टा मुद्दाम चुरगळून, मळवून,
जणू दहा वर्षं लग्नंच काढतोय.
'जुनाय का?' कस्टमवाल्यानं विचारलं.
'खूप,' म्हणाला मोर्जे.
आतल्या मोजणीत तेव्हा फोटो होते चार,
चारही लॉजच्या पडद्याचे.

बाबांनी तो तळहातावर तोलून पाहिला.
चौतीस वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात
त्यांनी कुलपं तपासली,
वजन हातालाच कळायचं त्यांच्या.
'कितीला?'
मी निम्मी किंमत सांगितली.
'बाहेर स्वस्तच असतं सगळं,' ते म्हणाले,
आणि दिवेलागणीपर्यंत आमच्या टिळकनगरच्या
अख्ख्या जिन्याला ती निम्मी किंमत पाठ.
तिसऱ्या मजल्यावरचे पेंदुरकर तर
वहीत टिपून घेऊन गेले.

मेनू सगळा जपानी. तिथल्या लोकांपुरता केलेला.
मी अक्षरं सोडून जागा पाठ केल्या:
डावीकडून तिसरं, मग खाली दोन,
छत्रीसारखं काहीतरी आलं की थांबायचं.
वीज गेल्यावर हात मिसळणाच्या डब्यात
बरोबर मोहरीवर पडतो, तसं.
चार्जरच्या चपट्या पिना आमच्या भोकात डुगडुगत;
खाली बाबांच्या औषधांचं बिल घडी करून खोचलं
की लागे दिवा.
बोरा बाजारात मुर्तझाभाईंनी उलटसुलट केला, परत दिला.
'वॉरंटी समुद्र ओलांडत नाही, बेटा.
बुरशीला जप. पावसाळ्यात बंद डब्यात ठेव,
बुटांच्या खोक्यातल्या त्या पुड्या असतात ना, त्यांच्यात.'
सगळ्या बिल्डिंगनं पुड्या आणून दिल्या.
बाबांनी मोजल्या. एकशे बारा.

घड्याळाची जागा तेवढी सापडली नाही मला.
ते ओसाकाचंच राहिलं.
आमच्याकडे दूध येई तेव्हा त्याच्यात
शाळेची मधली सुट्टी होत आलेली.

त्या मंगळवारी बाबा गॅलरीत
पेंदुरकरांचं अडकलेलं कुलूप खोलून बसले होते.
मांडीवर पेपर, पेपरवर स्प्रिंगा,
कठड्यावर साय धरलेला चहा.
'लागलं बघ,' म्हणून त्यांनी वर पाहिलं
आणि मी बटण दाबलं.
दुपारचे चार वाजून दहा.
सहा पाचला गेले,
रिक्षा राजावाडीच्या फाटकात वळत होती.

फोटोखाली आहे: १९:४०.
म्हणजे डॉक्टरांची सही झाल्यावर,
डोंबिवलीच्या आत्याला फोन गेल्यावर,
मी त्यांच्या चपला पिशवीत घालून
कुठे ठेवू म्हणून उभी असताना
ते गॅलरीत बसलेत,
आणि कुलूप लागलंय.

मोर्जेनं जहाजावरून कळवलं:
डावीकडून पाचवं, खाली सहावं, तिथं घड्याळ.
लिहून ठेवलंय मी.

तेराव्याला पेंदुरकर आले, जेवले,
हात धुऊन दाराशी घुटमळले.
'आज विचारू नये खरं. पण नातीनं धोशा लावलाय.
तुझे बाबा म्हणाले होते
तेवढ्यालाच मिळेल ना?'
वही उघडून पुढे केली.
त्यांच्या अक्षरात माझी निम्मी किंमत,
आणि तिच्याखाली बारीक पेन्सिलीनं
बाबांच्या हातचं:
'घासाघीस केल्यास आणखी पाचशे कमी.'

मिळेल, मी म्हटलं.

मोर्जे दिवाळीच्या आधी येतोय.
वरची निम्मी मी भरीन,
आणि ते पाचशे.