उल्लापूलला किती डुलक्या

स्विंडनमध्ये रात्रीचे साडेनऊ.
नचू एकदाचा झोपलाय.
जेवणाच्या टेबलावर आम्ही इंग्लंड उलगडतो,
मग नकाशा उलटा करून स्कॉटलंड,
आणि इन्व्हर्नेसवर सकाळपासून चिकटलेला
केळ्याचा तुकडा नखाने काढतो.

हर्षद म्हणतो, साडेपाचशे मैल.
मी म्हणते, डुलक्यांत सांग.
पेन्सिलीचं टोक दाताखाली धरून तो हिशोब मांडतो:
दुपारची एक, दीड तासाची, भरवशाची;
सकाळची एक, असली तर असली;
आणि संध्याकाळची ती विषारी, पाच मिनिटांची,
जी लागली की रात्र गेली.
म्हणजे चार दिवस.
लग्नाआधी हेच अंतर आम्ही
एका दिवसात कापलं होतं,
चिप्सच्या दोन पाकिटांवर
आणि एका भांडणावर.
भांडणसुद्धा पूर्ण झालं होतं तेव्हा,
मध्येच कोणी उठलं नव्हतं.

माझे बाबा संगमनेरला भूमापन कचेरीत होते.
जन्मभर साखळी ओढलेला माणूस,
पण सांगायचे, कोस म्हणजे
दगडावर कोरलेला आकडा नव्हे गं,
गाय हंबरली की जिथवर ऐकू जातं
तिथवर एक कोस.
मग पुढची गाय.

आमच्याकडे सध्या तेच माप चालतं.
ग्लॉस्टरच्या पुढे कुठेतरी
मागच्या सीटवरून पहिलं हंबरणं आलं
की कोस संपला असं धरायचं
आणि डाव्या लेनमध्ये यायचं.

सामानाच्या याद्या दोन.
हर्षदच्या यादीत टायरची हवा, ब्रेकडाउन कव्हर,
डासांच्या त्या बारक्या स्कॉटिश चुलतभावांसाठी
जाळीच्या तीन टोप्या.
माझ्या यादीत दशम्या, थर्मासमध्ये मऊ भात,
उलटीसाठी आइस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणासकट,
आणि निळा रुमाल,
ज्याचं एक टोक चोखून चोखून पांढरं झालंय.
निळा रुमाल त्याच्याही यादीत आहे.
दोघांनीही त्याखाली रेघ मारलीय.

सांगलीहून सासूबाईंनी परवाच विचारलं,
एवढ्या लांब आहे काय बघायला?
समुद्र, मी म्हटलं. बंदर. बोटी. डोंगर.
आणि त्याला काय कळणार त्यातलं?
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
टीबेच्या थांब्यावर तळं आहे, बदकं आहेत,
त्यांना तो हम्मा म्हणेल.
मेंढ्यांना हम्मा, घोड्याला हम्मा,
लॉरीलासुद्धा, बरीच मोठी असली तर.
उल्लापूलच्या धक्क्यावर फेरीचा भोंगा वाजेल
तेव्हा कदाचित तो पहिल्यांदाच
अगदी बरोबर ठरेल.

स्काय आम्ही दहा वाजता वगळलं.
लॉक नेस सव्वादहाला, न भांडता.
पर्थची दुसरी रात्र वाढवली,
कारण तिथल्या हॉटेलात बाथटब आहे.
मग मी उल्लापूलवर बोट ठेवलं.
हर्षद काही बोलला नाही,
चहा टाकायला उठला.
बोट मी तसंच ठेवलं, पाणी उकळेपर्यंत.

सकाळी सहाला वरून हाक येते.
मी जाते. कुठे जायचं आज, राजा?
खाली, तो म्हणतो.

तेरा पायऱ्या.
दुसरीवर बसून तो पायमोजा ओढून बघतो.
चौथीवर कार्पेटमध्ये एक केस सापडतो,
तो मला दिला जातो.
सातवीवर, खिडकीच्या कोपऱ्यात, कोळी.
हम्मा, तो हाक मारतो.
कोळी येत नाही. आम्ही थांबतो.
नवव्या पायरीवर टोस्ट करपल्याचा वास.
अकरावीवर लक्षात येतं
की रुमाल वर राहिला,
म्हणून आम्ही परत वर जातो
आणि पहिल्यापासून निघतो.