पाव भागिले अर्धा

सावळजची शाळा, सातवी ब, शेवटचा बाक.
बाकावर कर्कटकानं कोरलंय 'बिरुदेव',
खाली अर्धवट सोडलेला एक बदाम.
मी केंद्रप्रमुख. मांडीवर निरीक्षणाचं प्रपत्र,
त्यात एकवीस चौकोन.
मी आले की मुलं ताठ बसतात,
म्हणजे पहिलंच निरीक्षण चुकलेलं.

आधीच्या तासाला अ तुकडीत तोडकर सर पाहिले.
काय फळा! कोपऱ्यात तारीख, पट, हजर,
अपूर्णांकाची आडवी रेघसुद्धा पाणसळ लावल्यासारखी.
"भागाकार आला की दुसऱ्याचं काय करायचं?"
"उलटा!" चाळीस गळे.
"आणि?"
"गुणा!"
अकरा मिनिटांत आठ गणितं, आठही बरोबर.
मी चौकोन भरत गेले. पेन कुठं अडलं नाही.

इथं रेहाना नदाफ बाई
पिशवीतून तागडी काढतात, दुकानातली जुनी,
एका पारड्याच्या दोरीला गाठ.
अर्धा किलो बेदाणा. पाव किलोच्या पुड्या.
"किती होतील?"
"दोन," शिवलीला कोरे म्हणते
आणि लगेच स्वतःच्याच उत्तरावर चिडते.
"पण बाई, भागलं की कमी व्हायला पाहिजे ना?
अर्ध्याला भागलं, आणि दोन कसे आले?"

बाई बोलत नाहीत.
बोटांवरचा खडू पदराला पुसतात
आणि बोलत नाहीत.
या गप्प राहण्यासाठी माझ्याकडे चौकोन नाही.
कुणीतरी बेदाणा चघळतंय, ऐकू येतं.
मग बिरुदेव, जो मला इतका वेळ झोपलेला वाटला,
"ते दोन किलो न्हाईत गं. दोन पुड्या हाईत."
शिवलीला मागं वळून त्याच्याकडे बघते,
पहिल्यांदाच बघावं तशी.

एकोणीस वर्षं मी शिकवलं, उलटा करा आणि गुणा.
का उलटा, असं कुणी कधी विचारलं नाही.
खोटं.
विट्याला एकीनं विचारलं होतं, सहामाहीच्या तोंडावर.
मी म्हटलं, पेपरात 'का' येत नाही, बस खाली.
तिचं नाव गेलं.
खाली बसताना सुटलेली हिरवी रिबीन तेवढी राहिली.

तरी तोडकर सरांना मी नावं ठेवणार नाही.
माझे वडील सांगलीच्या हळद पेठेत तोलार.
पावकी, निमकी, पाऊणकी
त्यांनी पोत्यावर बसवून पाठ करून घेतली.
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून,
नाकातोंडात पिवळी धूळ.
अर्थबिर्थ काही नव्हता त्यात.
मिरजेच्या दवाखान्यात, त्यांच्या शेवटच्या आठवड्यात,
नर्स म्हणाली, पाऊण गोळी, सात वेळा,
किती आणायच्या बघा.
डोळ्यांना चिठ्ठी दिसत नव्हती,
तोंड म्हणालं, सात पाऊण सव्वापाच.
त्या रात्री मला समज नको होती,
पाठांतर हवं होतं, आणि ते होतं.

घंटेला दोन मिनिटं. शिवलीला पुन्हा उभी.
"बाई, उलट केलं तर?
बेदाणाच पाव, आणि पुडी अर्ध्याची?"
"पुडी भरनारच न्हाई," बिरुदेव.
"मग किती भरेल?" बाई विचारतात,
आणि घंटा.

स्वाध्यायातली दोनच गणितं झाली. सहा राहिली.
गुरुवारी घटक चाचणी, अ तुकडी पुढं जाणार,
हे बाईंना माहीत आहे, मला माहीत आहे.
'घटक पूर्ण झाला: होय / नाही.'
मी पेनाचं टोपण लावते, काढते, लावते.

व्हरांड्यात शिवलीला माझ्यासमोर येऊन थांबते,
नमस्कार न करता.
"मॅडम, किती भरेल?"
माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आयतं होतं.
मी ओठ मिटले. मनात मोजायला लागले.
नदाफ बाई किती मोजत असतील कोण जाणे.
मी सातापर्यंत टिकले.
आठाला बोललेच.