कल

दांडिया बाजारातल्या माझ्या संध्याकाळच्या क्लासला
दौलत शितोळे उशिरा आला, हाताला तर्रीचा वास.
"बाई, ट्रेंड होणं म्हणजे नक्की काय होणं?
काकांचं सेव-उसळ ट्रेंड होतंय."
मोबाईल पुढे केला. काका लाजत पळी उंच धरतायत,
रस्सा पडतोय, पडतोय,
संपला की पुन्हा पहिल्यापासून पडतोय.

उद्या सांगते, म्हटलं.
मला येत नव्हतं.

रात्री शब्दकोश काढला, शेवटची पानं वाळवीनं खाल्लेला.
लोकप्रिय होणं त्यात नव्हतंच, तेव्हा व्हायचं होतं.
होतं ते एवढंच: गोल फिरणे, गडगडत जाणे.
म्हणजे मूळचं चाकाच्या घरातलं.
पुढे दर्यावर्दींनी किनाऱ्याला लावलं,
मोजणीवाल्यांनी नदीला.

आणि एकदम अण्णांचं फील्डबुक आठवलं,
पाटबंधारे खात्याचं, पेन्सिलीतलं इंग्रजी,
विश्वामित्रीच्या नावापुढे हेच क्रियापद.
"म्हणजे काय हो?" मी विचारलं होतं, नऊ वर्षांची.
"कलते. वळते," पेन्सिल कानामागे ठेवत ते म्हणाले,
"पण तिला ते ठाऊक नसतं."

काकांनी तीस नव्या ताटल्या आणल्या.
अकरा दिवस रांग शिंप्याच्या पायरीपर्यंत.
सुरतेहून आले, आणंदहून आले,
खाण्याआधी फोटो, कधी खाण्याऐवजीच.
बाराव्या दिवशी निझामपुऱ्यात कुणी तरी
खमणावर चॉकलेट ओतलं.
कुणी भांडलं नाही, नावं ठेवली नाहीत.
काळ्या घोड्याच्या पुलावरून खाली पाहावं
तर पाणी असंच गेलेलं असतं, दुसरीकडे,
आणि मगर तिथेच, उन्हात, तोंड उघडं टाकून.

"वळणे," मी दौलतला सांगितलं.
"अक्षराचं असतं ते?"
त्याच्या अक्षरावरून मीच रोज ओरडते.
"तेच," म्हटलं. "नाही, ते नाही. लिही तू."
त्यानं लिहिलं. सगळी अक्षरं उजवीकडे पडलेली.

काका म्हणाले, बाई, ताटल्या लागतील का,
स्टिकरसुद्धा निघालेलं नाही.
सहा घेतल्या.
ओट्यावर ठेवताना एक सुटली,
कडेवर उभी राहिली, आणि निघाली
शेगडीवरून, दाराकडे, परत माझ्या पायाशी,
हजार वर्षांपूर्वीच्या अर्थानं.
मी पकडायला वाकले नाही.
आडवी होताना किती वेळ वाजत होती.